काळ्या बाहुलीचा शिल्पकार

(नागापूर येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते चित्रकलेचे शिक्षक होते. त्यामुळे आज सिनेमावर बोलताना मी नटनट्यांपासून सुरुवात करणार नाही, एका मूर्तीपासून करणार आहे. ही मूर्ती तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. दोन्ही हात डोक्यावर उंचावलेली, बोटांची टोकं जुळवून नृत्याच्या पवित्र्यात उभी असलेली काळसर स्त्री. फिल्मफेअर पुरस्काराची ही बाहुली. हिंदी सिनेमावाले तिला ‘ब्लॅक लेडी’ म्हणतात.

आपल्या नगरच्या माणसाच्या हातात ती दोनदा आली. सदाशिव अमरापूरकर नगरच्या हौशी रंगभूमीवर वाढले आणि १९८३ साली ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी होऊन साऱ्या देशासमोर उभे राहिले. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. त्या भूमिकेसाठी अमरापूरकरांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर मिळाला. पुढे ‘सडक’मधल्या महाराणीसाठी खलनायकाचा पुरस्कार मिळाला, तो विभाग त्याच वर्षी पहिल्यांदा सुरू झाला होता, म्हणजे त्या विभागाचे पहिले मानकरी नगरचे. नगरकरांना हे ठाऊक आहे आणि ते अभिमानानं सांगतातही.

पण त्यांच्या हातातली ती मूर्ती कोणी घडवली, असं विचारलं की सभागृह गप्प होतं. नाट्यसंमेलनांत, महाविद्यालयांत, चित्रपट रसग्रहणाच्या शिबिरांत मी हे विचारत आलो आहे. उत्तर क्वचितच येतं. म्हणून आज पहिल्यांदा तेच सांगतो. तिच्या शिल्पकाराचं नाव नारायण गणेश पानसरे. मराठी माणूस, मुंबईत काम केलेला शिल्पकार.

अलीकडे जगभर एक गोष्ट जोमानं चालली आहे. प्रसिद्ध पुरस्कारांच्या मूर्ती आजच्या कलावंतांच्या हाती द्यायच्या आणि त्यांना सांगायचं, ही तुमच्या नजरेनं पुन्हा घडवा. मला हा उद्योग मनापासून आवडतो आणि आपल्याकडेही तो व्हावा असं वाटतं. मात्र पुन्हा घडवायचं तर आधी कोणी घडवलं होतं हे माहीत हवं. माझं आजचं सगळं बोलणं एवढ्यासाठी आहे.

पानसऱ्यांचं काम पाहायचं असेल तर मुंबईला गेल्यावर फोर्टात महात्मा गांधी रस्त्यावर न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या इमारतीसमोर उभे राहा. ही १९३६ची इमारत, मास्टर, साठे आणि भुता या वास्तुरचनाकारांची. इमारतीच्या दर्शनी भागावर कोरलेली माणसं आहेत. विमा कंपनीची इमारत म्हणजे पैशाचं घर, पण भिंतीवर शेठ नाही, साहेब नाही. शेतकरी आहे, कुंभार आहे, सूत कातणाऱ्या बाया आहेत. आकृत्या उंच, ताठ, सरळ रेषेत बसवलेल्या. चेहऱ्यावरचे बारकावे गाळून टाकलेले, अंगाची ठेवण तेवढी ठसठशीत. त्या काळी जगभर जी आर्ट डेको शैली चालत होती ती पानसऱ्यांनी उचलली आणि तिच्यात आपली कष्टकरी माणसं उभी केली. जमिनीवरून मान वर करून पाहिलं की कळतं, या शिल्पकाराला दगडात श्रमाची लय धरता येत होती.

आता १९५४ सालाकडे या. ‘फिल्मफेअर’ हे पाक्षिक टाइम्स ऑफ इंडियाच्या घरातून १९५२ साली निघालं होतं. त्यांनी चित्रपटांसाठी पुरस्कार द्यायचं ठरवलं. सुरुवातीला त्याला ‘क्लेअर्स’ म्हणत, कारण टाइम्सच्या चित्रपट समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या नावानं ते होते. २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो थिएटरात पहिला समारंभ झाला. पुरस्कार फक्त पाच: चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि संगीतकार. ‘दो बिघा जमीन’ हा सर्वोत्कृष्ट चित्रपट, बिमल रॉय सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक, ‘दाग’साठी दिलीपकुमार, ‘बैजू बावरा’साठी मीनाकुमारी आणि नौशाद.

इथे क्षणभर थांबा. फोर्टातल्या भिंतीवर शेतकरी कोरणाऱ्या शिल्पकाराची मूर्ती पहिल्यांदा ज्या चित्रपटाला मिळाली तो दोन बिघे जमीन वाचवायला कोलकात्यात जाऊन हातरिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याचा चित्रपट होता. हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं. पण मला त्या दोन गोष्टी एकाच मनाच्या वाटतात. स्वातंत्र्याआधी शिल्पकार आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत दिग्दर्शक, दोघेही या देशात कोण राबतं हे दाखवत होते.

पानसऱ्यांनी ही मूर्ती घडवली ती टाइम्सचे कला संचालक वॉल्टर लँगहॅमर यांच्या देखरेखीखाली. हा माणूसही समजून घ्यायला हवा. लँगहॅमर ऑस्ट्रियन चित्रकार. १९३८ साली हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला. लँगहॅमर यांची पत्नी ज्यू होती, दोघांनाही व्हिएन्ना सोडावं लागलं आणि ते मुंबईला आले. (आपल्या नगरच्या छावणीत दोन्ही महायुद्धांत इंग्रजांनी जर्मन नागरिकांना कैदेत ठेवलं होतं, हे इथल्या जुन्या मंडळींना ऐकून ठाऊक असेल. युरोपातल्या त्या आगीची धग अशी आपल्या दारापर्यंत आली होती.) मुंबईत लँगहॅमर यांच्याकडे तरुण चित्रकारांचा राबता असे. रझा, आरा, हुसेन यांच्यासारख्यांना त्यांनी रंग, पुस्तकं, सल्ला, ओळखी, सगळं दिलं. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, त्याच्या पाठीशी असलेल्या चार-दोन लोकांत लँगहॅमर होते. त्या गटातले एकमेव शिल्पकार सदानंद बाकरे, तेही मराठी.

म्हणजे बघा, ही बाहुली एका निर्वासित चित्रकाराच्या नजरेखाली, एका मराठी शिल्पकाराच्या हातून, आधुनिक भारतीय कला जिथे घडत होती त्याच मुंबईत जन्मली. तिच्या जन्माची गोष्ट एवढी मोठी आणि समारंभात तिच्याबद्दल एक वाक्य बोललं जात नाही.

आता तुमच्या हातच्या कामाबद्दल. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम केलेले अनेक जण समोर आहेत, म्हणून धातूच्या मूर्तीची पद्धत थोडी सविस्तर सांगतो. शिल्पकार आधी शाडूत किंवा मातीत मूर्ती उभी करतो. तिच्यावरून साचा घेतो. साच्यात मेणाचा पातळ थर देऊन पोकळ मेणमूर्ती काढतात. तिला धातू आत जाण्यासाठी आणि हवा बाहेर पडण्यासाठी मेणाच्याच नळ्या जोडतात. ओतकाम केलेल्यांना त्या रनर आणि रायझर म्हणून ठाऊक आहेत. मग सगळ्याभोवती उष्णता सोसणारा लेप. भट्टीत घातलं की मेण वितळून निघून जातं आणि त्या रिकाम्या जागेत हजार अंशांच्या वर तापलेलं ब्राँझ, म्हणजे तांबं आणि कथिल यांचं मिश्रण, ओततात. गार झाल्यावर लेप फोडायचा, नळ्या कापायच्या, सांधे घासायचे, छिन्नीनं रेषा पुन्हा धारदार करायच्या. शेवटी पॅटिना. गरम केलेल्या धातूवर रसायनं लावली की पृष्ठभागाचा रंग बदलतो, कुठे हिरवट, कुठे तपकिरी, कुठे काळा. ब्राँझच्या मूर्तीचा काळेपणा येतो तो असा, धातूतूनच. वरून फासलेला रंग वेगळा आणि हा वेगळा, हे हातात घेतलं की समजतं.

फिल्मफेअरची मूर्ती साधारण ४६.५ सेंटिमीटर उंच आणि पाचेक किलो वजनाची. उंचावलेले हात हा कोणत्याही छोट्या मूर्तीतला कच्चा भाग. मूर्ती पडली की आधी हात जातात. पानसऱ्यांनी बोटांची टोकं जुळवली आणि दोन सुट्या हातांची एक बंद कमान करून टाकली. नृत्याची मुद्रा झाली आणि हातांना एकमेकांचा आधारही झाला. सौंदर्य आणि मजबुती एकाच रेषेत साधणं, हे मी मोठ्या शिल्पकाराचं लक्षण मानतो. ज्यांनी ही मूर्ती पुन्हा कल्पायची त्यांनी आधी ही कमान समजून घ्यावी.

या मूर्तीचा पहिला पुनर्विचार कोणी केला? माझ्या मते लता मंगेशकरांनी. सुरुवातीला या पुरस्कारांत गायकांना जागाच नव्हती. ‘चोरी चोरी’च्या संगीताला पुरस्कार मिळाला तेव्हा समारंभात ‘रसिक बलमा’ गाण्याची विनंती लताबाईंना झाली आणि त्यांनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे, गायकाला नाही, मग मी का गावं, ही त्यांची भूमिका. पुढे पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि १९५९ साली ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी तो पहिल्यांदा त्यांनाच मिळाला. त्या वेळी त्यांनी दुसरा आक्षेप घेतला, असं चित्रपटसृष्टीत आजवर सांगितलं जातं. मूर्ती विवस्त्र स्त्रीची आहे, ती मी अशी स्वीकारणार नाही. शेवटी मूर्ती कापडात गुंडाळून त्यांना देण्यात आली.

ही गोष्ट बहुतेक जण किस्सा म्हणून सांगतात. मला ती गंभीर वाटते. एक कलावंत बाई विचारत होती की, माझ्या गळ्याच्या सन्मानासाठी माझ्या हाती कोणती प्रतिमा देता? हा प्रश्न विचारण्याचा तिला पूर्ण हक्क होता. पानसऱ्यांच्या बाजूनंही बोलायला हवं. त्यांची आकृती शैलीबद्ध आहे, अंगप्रत्यंग दाखवण्याचा तिचा हेतू नाही. देवळांच्या भिंतींवर आपण शतकानुशतकं नर्तिका पाहत आलो, त्याच कुळातली ती आहे. दोघांचंही म्हणणं मला पटतं आणि त्यात तडजोड करण्याची गरज वाटत नाही. कापडाच्या एका तुकड्यानं त्या मूर्तीला नवा अर्थ दिला, एवढं मात्र खरं. कलाकृतीला पाहणाऱ्यानं उत्तर दिलं.

त्यानंतर संस्थेनं स्वतः जे बदल केले ते फार वरवरचे होते. पुरस्कारांच्या पंचविसाव्या वर्षी मूर्ती चांदीची झाली, पन्नासाव्या वर्षी सोन्याची, २०१३मध्ये तिला त्रिमितीचा नवा उठाव दिला. धातू बदलला, झळाळी बदलली. पण आजची एखादी शिल्पकार, एखादा चित्रकार बोलावून, ही बाई आज तुला कशी दिसते, असं कोणी विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं.

ऑस्करवाल्यांनी विचारलं. २०२१ साली, कोरोनाच्या सावटाखाली, त्र्याण्णवावा समारंभ नेहमीच्या नाट्यगृहाऐवजी मुख्यतः लॉस एंजलिसच्या युनियन स्टेशनवर झाला. त्या वर्षीच्या जाहिरातचित्रांसाठी अकादमीनं सात कलावंतांना बोलावलं आणि सिनेमा तुमच्यासाठी काय आहे या प्रश्नाचं उत्तर म्हणून ऑस्करची आकृती नव्यानं काढायला सांगितली. तेमी कोकर, पेत्रा एरिक्सन, मॅग्नस वोल माथियासेन, मिशेल रॉबिन्सन, करण सिंग, व्हिक्टोरिया व्हियासाना आणि शॉना एक्स. यांतल्या व्हियासाना मेक्सिकोच्या. छायाचित्रांवर रंगीत लोकरीचे धागे भरण्यासाठी त्या ओळखल्या जातात. नव्वद वर्षं जी मूर्ती सोनेरी, गुळगुळीत, टक्कल पडलेल्या योद्ध्याची म्हणून सगळ्यांना पाठ होती, ती या सात जणांनी रंगांत, नक्षीत, धाग्यांत आणली. घरात कोंडून बसलेल्या त्या वर्षी सिनेमा कोणाकोणाचा आहे हे सांगायला या चित्रांइतकं चांगलं साधन मला दिसत नाही.

तरी माझं एक म्हणणं आहे. ही सगळी चित्रं कागदावर आणि पडद्यावर राहिली. विजेत्यांच्या हाती त्या रात्रीही जुनी सोनेरी मूर्तीच गेली. नव्या कलावंतांना भिंत दिली, हात दिला नाही.

त्या मूर्तीबाबत ऑस्करवाल्यांनी केलेली दुसरी एक गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते, आणि तिचा गाजावाजा फार झाला नाही. मूळ मूर्तीची कल्पना सेड्रिक गिबन्स यांची, ती घडवली जॉर्ज स्टॅनली या शिल्पकारानं. रिळावर उभा असलेला तलवारधारी योद्धा, रिळाचे पाच आरे म्हणजे नट, दिग्दर्शक, निर्माते, तंत्रज्ञ आणि लेखक. उंची साडेतेरा इंच, वजन पावणेचार-चार किलो. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई पडली तेव्हा तीन वर्षं रंगवलेल्या प्लास्टरच्या मूर्ती दिल्या आणि युद्धानंतर त्या बदलून दिल्या. पुढे अनेक दशकं शिकागोच्या एका कारखान्यात कथिलाच्या मिश्रधातूतून ती ओतली जाई. साच्यावरून साचा, प्रतीवरून प्रत घेत गेलं की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. कडा मरतात, चेहरा बोथट होतो. २०१६ साली काम न्यूयॉर्क राज्यातल्या पॉलिच टॅलिक्स या कलाओतकामाच्या भट्टीकडे गेलं. त्यांनी १९२९ची जुनी मूर्ती मागवली, तिचं डिजिटल मोजमाप घेतलं, स्टॅनलींनी दिलेले हरवलेले बारकावे परत आणले आणि मूर्ती पुन्हा खऱ्या ब्राँझमध्ये, मेणाच्या पद्धतीनं ओतून वर सोन्याचा मुलामा दिला. नवं करताना मूळ शिल्पकाराकडे परत गेले. असं काम पानसऱ्यांच्या मूर्तीचं व्हावं, ही माझी पहिली मागणी आहे.

कान महोत्सवाची रीत तर मला सगळ्यांत मोकळी वाटते. आज तिथला सोन्याचा ताडाचा झाप जगप्रसिद्ध आहे, पण तो १९५५ साली आला. त्याआधी सर्वोच्च पुरस्कार म्हणून त्या वेळच्या एखाद्या कलावंताची कलाकृती देत. १९४६ साली चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला इतर काही चित्रपटांबरोबर तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तो याच काळातला. सिनेमाचा सन्मान चित्र-शिल्पानं करायचा, इतकं साधं सरळ नातं. फ्रेंच चित्रपटसृष्टीचा स्वतःचा पुरस्कार तर शिल्पकाराच्याच नावानं ओळखला जातो: सेझार बाल्दाचिनी यांनी दाबून चेपलेल्या धातूचं शिल्प दिलं आणि पुरस्काराला ‘सेझार’ हे नाव पडलं. तिथे पुरस्काराचं नाव घेतलं की शिल्पकाराचंच नाव घेतलं जातं. आपल्याकडे सत्तर वर्षांत पानसऱ्यांचं नाव त्या मंचावरून किती वेळा ऐकलंत, हे आठवून पाहा.

आणि खरं तर हे नातं आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे आणि बडोद्याच्या कलाभवनाचे विद्यार्थी, चित्रकला आणि मातीकाम दोन्ही शिकलेले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर चित्रकार, शिल्पकार, आणि स्वतःचा कॅमेरा बनवणारे कारागीर. मराठी सिनेमा ज्या हातांतून आला ते हात रंगांनी आणि मातीनं भरलेले होते.

याच परंपरेतली एक बाई म्हणजे कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये, पुढे भानू अथैया. जे. जे.मध्ये शिकलेल्या, १९५३ साली प्रोग्रेसिव्ह गटाबरोबर चित्रं मांडलेल्या, ज्या गटाच्या पाठीशी लँगहॅमर होते तोच हा गट. पुढे त्या वेशभूषेकडे वळल्या. ‘सीआयडी’, ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’, ‘गाइड’, ‘आम्रपाली’. रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना १९८३ साली ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०१२ साली त्यांनी ती मूर्ती अकादमीकडे परत पाठवली. सन्मान नाकारायचा म्हणून नव्हे, सांभाळायचा म्हणून. आपल्या पश्चात ती इथे नीट राहील याचा त्यांना भरवसा वाटत नव्हता. शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचं नोबेल पदक २००४ साली चोरीला गेलं, ते उदाहरण त्यांच्या मनात होतं.

ही घटना मला अजून टोचते. कोल्हापूरच्या लेकीला मिळालेली मूर्ती ठेवायला महाराष्ट्रात एक विश्वासाची जागा नसावी? आपण मूर्तींभोवती मिरवणुका काढतो, उत्सव करतो, पण कलाकृती म्हणून एखादी मूर्ती शंभर वर्षं जपायची व्यवस्था लावत नाही. भानूताईंनी काही न बोलता आपल्याला जे सांगितलं ते ऐकून घेऊन पुढे गेलो, एवढंच आपण केलं. त्या २०२० साली गेल्या.

आता नव्या कलावंतांकडे येतो. फिल्मफेअरची बाहुली आज महाराष्ट्रातल्या कलावंतांच्या हाती दिली तर काय होईल, याचा मी अनेकदा विचार करतो. चंद्रपूरजवळच्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते घ्या. कोळशाच्या खाणींच्या गावात वाढलेला हा कलावंत कोळशानंच भिंतीभर चित्रं काढतो, जमीन गमावलेली माणसं आणि खणून पोखरलेली माती दाखवतो. २०२१ साली वेल्समधला आर्टेस मुंडी हा आंतरराष्ट्रीय सन्मान सहा कलावंतांना एकत्र मिळाला, त्यात ते होते. पाचपुत्यांच्या कामातला काळा रंग आणि पानसऱ्यांच्या मूर्तीचा काळा रंग मी एकमेकांशेजारी ठेवून पाहतो. एक कोळशाचा, एक भाजलेल्या धातूचा. न्यू इंडियाच्या भिंतीवरचा शेतकरी आणि खाणीतला मजूर यांच्यातही फार अंतर नाही. पाचपुते काय करतील ते मी सांगणार नाही, ते सांगण्याचा अधिकार मला नाही. पण त्यांना विचारलं जावं, एवढं म्हणण्याचा अधिकार प्रेक्षक म्हणून मला नक्की आहे.

नुसतं चित्र बदलून भागणार नाही, असं मला वाटतं. उंचावलेले हात कोणाचे, हे नव्यानं ठरवायला हवं. सिनेमात नाचणारी बाई एकटी नसते. तिच्या मागे रांगेत नाचणाऱ्या पंचवीस मुली असतात, दिवे धरणारे असतात, ट्रॉली ढकलणारे असतात, कपडे शिवणारे असतात. आज वेशभूषेला, ध्वनीला, संकलनाला, सगळ्यांना तीच एक नर्तिका मिळते. १९५४ साली पाच पुरस्कारांसाठी ती पुरेशी होती. आज एखादी शिल्पकार असं म्हणू शकते की, हातांची कमान तीच ठेवते, पण कमानीखाली मी दुसरी माणसं उभी करते. मला हे पाहायचं आहे. जुनी मूर्ती काढून टाकावी असं मी मुळीच म्हणत नाही. तिच्याशेजारी नवी यावी.

शेवटचा मुद्दा इथला, आपल्या नगरचा. फिल्मफेअर आपल्या हातात नाही, ऑस्कर तर नाहीच. पण करंडक आपल्या हातात आहेत. महाराष्ट्रात एकांकिका स्पर्धांची केवढी मोठी दुनिया आहे! पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३पासून चालू आहे. आपल्या नगरच्या फिरोदिया घराण्याचं नाव ज्याला आहे त्या करंडकात महाविद्यालयीन मुलं रंगमंचावर चित्र काढतात, शिल्प घडवतात, वाद्यं वाजवतात आणि हे सगळं नाटकात गुंफतात. नगर शहरातही एकांकिका स्पर्धा जोरात होतात. अमरापूरकरांच्या गावात त्या होणारच. पण या स्पर्धांत आपण मुलांच्या हाती काय देतो? बाजारातून आणलेली सोनेरी प्लॅस्टिकची ट्रॉफी, खाली चिकटवलेला छापील पत्रा. वर्षभरात झळाळी उडते, पुढच्या वर्षी कपाटामागे जाते. ज्या पोरांनी महिनाभर रात्री जागवून नाटक उभं केलं, त्यांच्या कष्टाला आपण असं उत्तर देतो. हे मला मान्य नाही.

खर्चाचं कारण सांगितलं जातं. मी म्हणतो, एकदा साचा करून घ्या. नगरला प्रमोद कांबळे यांच्यासारखे शिल्पकार आहेत, चित्रकला महाविद्यालयांतून दर वर्षी मुलं शिकून बाहेर पडतात. नागापूरच्या वसाहतीत ओतकाम, यंत्रकाम, घासकाम करणारे कसबी हात आहेत. ब्राँझ परवडत नसेल तर अॅल्युमिनियममध्ये ओता, लोखंडाच्या पट्ट्या जोडून करा, यंत्रकामातून उरलेल्या तुकड्यांतून घडवा. कारखान्यातल्या लोखंडातून उभी राहिलेली, हात उंचावलेली एक नगरी आकृती मला कोणत्याही आयात ट्रॉफीपेक्षा मोलाची वाटेल. शिल्पकार दर तीन वर्षांनी बदला, म्हणजे नव्या माणसाला संधी मिळेल आणि मुलांनाही दिसेल की एकाच सन्मानाचे किती आकार असू शकतात.

आणि एक अट घाला, तीत सवलत देऊ नका. मूर्तीच्या बैठकीवर शिल्पकाराचं आणि ओतणाऱ्या कारागिराचं नाव कोरलेलं असावं आणि बक्षीस देताना निवेदकानं ते मोठ्यानं वाचावं. विजेत्याच्या नावाआधी. पानसऱ्यांच्या बाबतीत आपण हे केलं नाही. फिल्मफेअरच्या आयोजकांनाही या व्यासपीठावरून माझी विनंती आहे की, पुढच्या समारंभात नारायण गणेश पानसरे हे नाव एकदा मंचावरून उच्चारावं आणि मूर्तीच्या तळाशी कोरावं. त्याला सोनं लागत नाही, चांदी लागत नाही.

सभागृहात नाट्यसंस्थांची मंडळी आहेत, चित्रकला शिक्षक आहेत, कारखान्यांतले तंत्रज्ञ आणि मालकही आहेत. तिघं एकत्र बसल्याशिवाय हे काम होणार नाही. ज्यांना यात हात घालायचा आहे त्यांनी आज घरी जाण्याआधी आयोजकांकडे आपलं नाव आणि काय करता येईल ते लिहून द्यावं. येत्या वर्षीच्या स्पर्धेचा करंडक नागापूरमध्ये ओतला जावा, अशी माझी तुम्हा सर्वांना हात जोडून विनंती आहे.